मधे कोण उभं होतं

साहेब, माझ्या बापाचं शेवटचं बोलणं तुमच्यापाशी आहे. नाही म्हणू नका. तुम्ही मला कळवलंत, “प्रणाली में तकनीकी त्रुटि पाई गई.” त्रुटी हा तुमचा शब्द झाला. आमच्या रायपूरच्या गुढियारीत याला चोरी म्हणतात.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नाही. तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेला असाच होता आणि तुमच्यानंतर येईल तोही असाच असेल. नाव लिहून शाई कशाला खराब करू?

मी वनमाला. तुमच्या तोंडी “वो कॉन्ट्रॅक्ट वाली मैडम”. इंजिनियर नाही. साधी बी.ए. आहे, बाकी सगळं बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या फुटक्या खुर्चीवर बसून स्वतः शिकले. तुमच्याकडे बाहेरून येणारे सल्लागार टाय लावून जे चित्रात दाखवतात ते रात्रीतून चालू करून देणारी ती मी.

रोज स्टाफ बसनं रायपूरहून नव्या राजधानीत यायचे. तुमची नवी राजधानी मला पहिल्या दिवशीच कळली होती. आठ गाड्या शेजारी-शेजारी धावतील असा रस्ता, आणि त्यावर एक कुत्रा, तोही दिशादर्शक पाटीच्या सावलीत झोपलेला. दुभाजकातल्या गवतावर कारंजी उडतात आणि बसथांब्यावर प्यायला पाणी नसतं. काचेच्या इमारती उन्हात भाजतात, आत एसीत तुम्ही शाल घेऊन बसता.

काम साधं होतं. राज्यभरातली सरकारी डायलिसिस केंद्रं, त्यातली मशीनं, आणि रोज त्यांच्यावर येणारे पेशंट. केंद्रानं विचारायचं, मशीन आहे का. प्रोग्रामनं सांगायचं, अमुक खुर्ची, अमुक वेळ. तो प्रोग्राम मी बांधला आणि तो नीट चालला. हेच तुम्हाला खुपलं. तुम्हाला न विचारता एक गोष्ट नीट चालली होती.

मीटिंगमध्ये तुम्ही काजू खात म्हणालात, “मशीन किसको मिल रही है, पहले हमसे पूछा जाए.”

मी म्हटलं, सर, पेशंट थांबून राहतील.

“अरे, तो हम हाँ कर देंगे न. मना थोड़े करेंगे. पर पूछा तो जाए.”

हे करायची एक रीत आमच्या धंद्यात आहे. वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुम्हाला तेव्हाही कळली नव्हती. प्रोग्रामचे तुकडे एकमेकांना थेट शोधत नाहीत. कंटेनर नावाचा एक भांडारी असतो, त्याच्याकडे मागतात आणि तो देतो. या भांडाऱ्याला सांगून ठेवता येतं की कोणी अमुक वस्तू मागितली तर खरी देऊ नको, हुबेहूब तिच्यासारखी दुसरी दे. मागणाऱ्याला फरक कळत नाही. ती दुसरी वस्तू प्रश्न आधी स्वतः ऐकते, मधल्यामधे तिला करायचं ते करते, मग खरीला विचारते. खरीचं उत्तरही तीच आधी ऐकते, आणि मग मागणाऱ्याला देते. याला इंटरसेप्टर म्हणतात. मी त्याला मधला म्हणायची. मधल्यानं ठरवलं तर खरीपर्यंत प्रश्न जातच नाही. मागणारा समजतो, उत्तर मिळालं.

यात भुताटकी काही नाही. तुमच्या दारातला भैय्यालाल चपराशी वर्षानुवर्षं हेच करतो.

तर मी मधला लावला. प्रत्येक प्रश्न आधी तुमच्या फोनवर, हिरवं बटण, तुम्ही दाबायचं. मी तो फक्त मशीनवर लावला होता. तुम्ही पडद्यावरची ती एक ओळ पाहिलीत आणि तुमचा चेहरा पडला.

“इतना ही? सब पे लगा दो.”

सगळ्यांवर लावायचं तर वस्तूच्या नावाच्या जागी एक चांदणी (*) टाकावी लागते. चांदणी म्हणजे जे काही आहे ते. मी विचारलं, सर, सब मतलब क्या-क्या?

“सब मतलब सब, वनमाला जी. आप सवाल बहुत करती हैं.”

मी चांदणी टाकली.

आणि मग ते हिरवं बटण दाबायचं काम तुम्ही भैय्यालालला दिलंत, कारण दिवसभर फोन वाजून तुमच्या झोपेचं खोबरं होत होतं. विचारलं जावं ही हौस तुमची, उत्तर द्यायची मेहनत त्याची.

आठवडाभरात सुशीलनं मला बोलावलं. सुशील माझ्या शेजारच्या टेबलावर तपासणीचं काम करायचा. घरची मराठी त्याला कळते, पण उत्तर हिंदीतच देतो. म्हणाला, “दीदी, ये पूछने से पहले जवाब दे रहा है.”

मी हसले. घड्याळं मागेपुढे असतील म्हटलं. सर्व्हरची घड्याळं तपासली, जुळवली, पुन्हा पाहिलं. बिलासपूरच्या केंद्रानं मशीन मागण्याच्या काही क्षण आधी बिलासपूरला मशीन मिळालेलं होतं. जगदलपूरचंही तेच. पेशंट खरे, खुर्च्या खऱ्या, सगळं बरोबर. फक्त उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून.

“तक्रार कोणाची आहे का?” मी विचारलं.

“किसकी होगी? काम तो हो रहा है.”

इथंच ते आम्हाला सापडायला हवं होतं. पण रायपुरात कोणतंही काम एका वाक्यावर चालतं: बोल दिया है. राशन असो, बदली असो, गॅस असो, शाळा असो. कोणी तरी कोणाला तरी बोलून ठेवलेलं असतं, आणि तुमचं काम झालेलं असलं की कोण बोललं ते कोणी विचारत नाही. विचारलं तर काम उलटायचं. अशा गावात तुमच्या आधी कोणी जाऊन बोलून आलं तर ते भूत आहे हे कळणार कसं? लोक हात जोडतात आणि पुढे जातात.

मीही तेच केलं.

माझे वडील श्यामराव. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये आयुष्य गेलं, मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीन. डाव्या हाताची नस शस्त्रक्रियेनं जोडलेली, तिच्यावर बोट ठेवलं की आत घूं घूं लागायचं. पाव्हणा आला की ते हात पुढे करायचे. “लाव बोट. इंजिन चालू हाये.” माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातून देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर पडली. लिंबू-मिरची नाही, अंगात येणं नाही. असल्या घरात मी वाढले. हे सांगते ते तुम्ही मला वेडी ठरवण्याआधी.

मे महिन्यात लू सुटली. बाबांची दुपारची पाळी सकाळची करून घ्यावी म्हणून मी केंद्रावर फोन लावला. दीपमाला तिथली नर्स, चांगली पोरगी. मी बोलायच्या आतच म्हणाली, “हव दीदी, सुबे का कर दिया. अभी तो आप बोलीं.” हव म्हणजे आमच्याकडचं हो.

दुसऱ्या कोणाचा फोन असेल. मी मनावर घेतलं नाही.

मग तात्यापाऱ्यातल्या औषधाच्या दुकानात पुडकं बांधून तयार. “आप बोल के गई थीं न.” मला वाटलं बाबांनी फोन केला. बाबा म्हणाले, “मी काहून करू? तुहं काम तू कर.”

मग केंद्रावर. बाबांना घेऊन पोचले तर खुर्चीवर धुतलेली चादर, उशी डाव्या बाजूला, त्यांना लागते तशी. जंतुनाशकाचा सिरक्यासारखा आंबूस वास, मशीनची एकसुरी घरघर. शेजारी नातेवाइकाचं स्टूल ओढून ठेवलेलं. मी त्यावर बसले. गरम होतं.

“यहाँ कौन बैठा था?”

दीपमाला सुई तपासत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. “आप ही तो,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुई तपासू लागली.

दुसऱ्या दिवशी मी चांदणी काढली. तुम्हाला न विचारता. मग पूर्ण मधलाच काढला, नवा प्रोग्राम चढवला, जुना पुसला. भांडाऱ्याला मशीन मागितलं. जे हाती आलं त्याला त्याचं नाव विचारलं. हे आम्ही करतो, वस्तू खरी आहे की नकली ते असं कळतं. खरी असेल तर खरं नाव सांगते, नकली असेल तर त्या नावाला शेपूट असतं.

नावाच्या जागी नुसती चांदणी आली.

सुशीलनं पडद्यावर बोट ठेवलं. “दीदी, ये लिखा किसने?”

“कोणीच नाही. काढलं मी.”

त्यानं डबा पिशवीत टाकला आणि भर दुपारी, बसची वेळ नसताना, त्या आठपदरी उन्हातून चालत निघून गेला. नंतर आला नाही. तुमच्या लोकांनी त्याचं अनुपस्थितीचं कारण “व्यक्तिगत” नोंदवलं. तुमच्याकडे शब्दांची कमतरता नाही.

मी तुमच्याकडे आले होते. आठवतं? मी म्हटलं, सर, सगळं बंद करा, केंद्रांना पूर्वीसारखं थेट फोनवर काम करू द्या. तुम्ही म्हणालात, “अच्छा चल रहा है, मैडम. ऊपर से तारीफ आई है. छेड़ो मत.”

बाबा तेव्हा थकले होते. मशीनवरून आले की दिवसभर बोलायचे नाहीत. पाण्यावर बंदी, ओठांना ओलं फडकं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, वय आहे, त्यांनाच विचारा, किती दिवस हे करायचं ते. मी ते विचारत नव्हते. बाबांनीच विषय काढला.

“वने, मले कंटाळा आला माय.”

मी फडकं पिळत राहिले.

“डॉक्टरनं सांगितलं न तुले? तुह्या तोंडावर दिसून राहिलं. आता नको विचारू. येत्या रविवारी विचार, मशीनचा दिवस नाई तवा. डोकं साफ राहते माहं. चालू ठेवायचं का बंद, मी बरोबर सांगीन.”

“बरं.”

“तू विचार. कोणाले पाठवू नको. तुह्या त्या साहेबाले विचारून बी येऊ नको.” आणि हसले. “त्याले बस म्हणावं एक डाव मशीनवर.”

रविवारी मी सकाळपासून काही केलं नाही. वरण-भात केला, त्यांनी चार घास खाल्ले. दुपारी कूलरमध्ये पाणी भरलं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. बाहेर मालधक्क्यावर डबे एकमेकांना लागत होते. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, चष्मा पुसून लावलेला. तयार होते.

मी वेताचा मोढा बसायला ओढला. समोर बसले. काय शब्द वापरायचे ते ठरवलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मान थोडी पुढे झुकवली. कोणी हळू बोलत असलं की झुकवायचे तशी.

त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या बाजूलाही नव्हती. ती माझ्याच दिशेनं होती, पण माझ्यापर्यंत येत नव्हती. माझ्या अलीकडे, खाट आणि मोढा यांच्या मधे, एका जागी थांबली होती.

ते ऐकत होते.

कूलरचा आवाज होता. दुसरा कोणताच नाही.

मग त्यांनी मान हलवली. आणि बोलले. इतकं हळू, की तोंडाजवळ तोंड असेल त्यालाच ऐकू जावं. मी ओठ पाहत होते. ओठ बराच वेळ हलले. मधे एकदा ते हसलेसुद्धा.

मी म्हटलं, “बाबा.”

त्यांनी उजवा हात उचलला आणि आमच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला. डोक्यावर ठेवतात तसा. हात तिथं टेकला. हवेत हात टेकत नाही, साहेब. हवेत हात थरथरतो, खाली येतो. त्यांचा हात टेकलेला राहिला.

“बाबा, मी अजून विचारलंच नाई.”

“सांगितलं न,” ते म्हणाले. “किती डाव सांगू? रडू नको आता.”

मी रडत नव्हते.

ते कूस बदलून झोपले. चेहऱ्यावर मोकळं हसू. वर्षभरात पाहिलं नव्हतं तसं.

सोमवारी त्यांची पाळी होती. केंद्रावरून न्यायला येणारी गाडी आली नाही. फोन लावला.

“दीदी, कल आप ही तो मना कर गईं,” दीपमाला म्हणाली. “बोलीं, बाबूजी की यही मर्जी है. कुर्सी तो दे दी दूसरे को.”

“दीपमाला, मैं कल घर से निकली ही नहीं.”

मागून मशीनची घरघर येत होती. मग ती म्हणाली, “आप रो रही थीं. मैंने पानी दिया आपको.”

दुसऱ्या केंद्रावर खुर्ची मागितली. तिथंही माझ्या नावानं आधीच नकार गेला होता. ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला. त्याला नको म्हणून कोणी आधीच सांगितलं होतं. रिक्षा करून खासगी दवाखान्यात गेले, काउंटरवरची पोट्टी गोड हसून म्हणाली, मैडम, आप अभी तो पूछ के गईं. मी जिथं-जिथं पोचले तिथं माझं काम आटोपलेलं होतं. सगळे माझ्याशी चांगले वागले. कोणीही माझं ऐकलं नाही.

घरी येऊन बाबांना म्हटलं, उठा, मी उचलून नेते. ते म्हणाले, “काहून? झालं न ते आपलं.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

बुधवारी दुपारी गेले. मी त्यांच्या हातावर बोट ठेवून बसले होते. म्हणून वेळ मला कळली.

आता साहेब, मी अशी बाई नाही की बाप गेला म्हणून कोणाला तरी दोष द्यावा. ते थकले होते. त्यांनी बंद करा म्हटलं असेल, तर तो त्यांचा हक्क आहे आणि मी तो मानते. त्यांनी चालू ठेवा म्हटलं असेल, तर त्यांचा खून झाला आहे. दोन्हींत फरक फक्त एका उत्तराचा आहे. ते उत्तर त्यांनी दिलं. माझ्या डोळ्यांदेखत दिलं. मला मिळालं नाही.

तेरवी-बिरवी आमच्याकडे नसते. वंदना झाली, लोक गेले, आणि मी तुमच्या काचेच्या इमारतीत आले. तुम्ही नव्हता. दाराशी भैय्यालाल स्टुलावर. मला पाहून उभा राहिला. त्यानं कधी नव्हे ते मला नमस्कार केला.

“दीदी, बाबूजी का सुना. बुरा हुआ.”

“किसने बताया?”

त्यानं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “आया था न, फोन में. इतवार को. फोन मेरे पास ही रहता है, बटन दबाने. मशीन वाला ही आता है रोज. उस दिन दूसरा आया. आपका नाम, बाबूजी का नाम. लिखा था, चालू रखें कि बंद करें, पूछने दें क्या.”

“तुमने क्या किया?”

“साहब का हुकुम है, सबमें हव करो. मैं हव कर दिया.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “मेरे को लगा कोई सरकारी बात होगी.”

त्या माणसाला मी काय बोलणार. त्यानं तेच केलं जे तुम्ही शिकवलंत. न वाचता हो म्हणायचं.

मी निघाले होते. तो मागून म्हणाला, “दीदी, जवाब भी आया था.”

मी थांबले.

“जवाब कभी आता नहीं फोन में. उस दिन आया. लंबा था. मैंने नहीं पढ़ा, कसम से, डर लगा. बंगले पे जा के साहब को दे दिया. साहब ने खड़े-खड़े पढ़ा. फिर बैठ गए. फिर से पढ़ा.”

“फिर?”

“फिर फोन उल्टा करके मेज पे रखे. अब तक वैसा ही रखा है. कमरा बंद कर दिए हैं. घर की मैडम ने पूछा तो बोले, उस कमरे में कोई नहीं जाएगा. दीदी, बंद कमरे के बाहर खड़े हो के दिन में दो-तीन बार साहब ‘हव, हव’ करते हैं. साहब तो कभी हव बोलते नहीं थे.”

म्हणून हे लिहिते आहे, आणि चार लोक वाचतील अशा ठिकाणी छापते आहे, म्हणजे ते तुमच्यापर्यंत एकाच दारानं येणार नाही. तुमची त्रुटी, तुमची चौकशी समिती, तुमची सहानुभूती तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही छत्तीसगडच्या प्रत्येक प्रश्नावर बसायची हौस केलीत, आणि एक प्रश्न तुमच्यापर्यंत खरोखर आला. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही काही वाचलंत. दोनदा वाचलंत.

खोलीचं दार उघडा. फोन सरळ करा. नंतर मला बोलावून समोर बसवा, भैय्यालालला बाहेर पाठवा, आणि तुमच्या स्वतःच्या तोंडानं सांगा. सांगताना माझ्याकडे बघा, माझ्या अलीकडे नको.

माझा बाप काय म्हणाला?